कोर्टातली जमीन

मे महिन्याच्या उन्हात वृषाली आपल्याच रानात मजुरीनं कांदा कापत बसली होती. डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा, मान खाली. पात कापायची, कांदा पुढच्या ढिगात टाकायचा, दुसरा उचलायचा. अंगठ्याला बांधलेली चिंधी सकाळपासून दोनदा सुटली होती.

शेजारी लंकाबाई बसली होती. ती वरची, भीमाशंकरच्या डोंगराकडची. भात निघालं की तिकडं उन्हाळाभर हाताला काम नसतं, म्हणून औंदा पहिल्यांदाच टोळीबरोबर खाली महाळुंगे पडवळला आलेली. तिचा हात चपळ होता आणि तोंड त्याहून.

"एक इचारू का गं? ती वखारीपाशी उभी हाय, ती तुझी जाऊ ना?"

"हां. शीलाताई."

"मंग ती सावलीत उभी आन् तू आमच्या वळीत, ह्ये कसं?"

वृषालीनं कांदा टाकला. "आमच्या वाटंचं रान कोर्टात हाय. मालक नादार झालेत."

हे वाक्य बोलताना ती आता अडखळत नव्हती. पहिल्या पहिल्यांदा जीभ जड व्हायची.

"नादार म्हंजी?"

"लोकांचं देणं फिटंना झालं की कोर्ट ठरवतं, ह्या माणसाकडं काय न्हाई म्हणून. मग त्याचं रान कोर्ट ताब्यात घेतं."

"आन् कोर्ट हितं येऊन कांदा लावतं व्हय?"

"तसं न्हाई. भावजींना कसायला दिलंय कोर्टानं. घरातलंच माणूस म्हणून."

लंकाबाई विळा थांबवून हसली. "बरं कोर्ट घावलं तुझ्या भावजीला."

वृषालीला ते हसणं आवडलं नाही. ती सरकून थोडी पुढं बसली.

दुपारी शीलानं किटलीतून चहा आणला. मजुरांनी आपापला पेला आणायचा असा तिचा नियम. पहिल्या वर्षी वृषालीला ती घरात बोलवायची, ओट्याशी बसवून कपात चहा द्यायची. पुढं कधी ते बंद झालं, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. आता वृषालीही पिशवीतून पेला काढून धरायची. चहा ओतता ओतता शीला म्हणाली, "सकाळी उशीर झाला हां तुला. अर्धा रोज कापते."

"आत्यांच्या गोळ्या आणायला गेले व्हते, ताई. तुमीच सांगितल्यालं."

"ते खरं गं. पण ह्या बायांच्या देखत तुला येगळं कसं धरायचं?"

सासूच्या गोळ्यांपायी अर्धा रोज गेला. वृषालीनं चहा घशाखाली ढकलला. लंकाबाई तोंड फिरवून बसली.

पाच वाजता अक्षदा स्कूटीवरून बांधापर्यंत आली. वृषालीची ही एकुलती एक लेक. बारावीचा निकाल लागायचा होता, पण तिला गुणांची खात्री होती. अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं तिनं आठवीतच ठरवलं होतं. घरून जाऊन येऊन शिकता येईल, म्हणून आईलाही ते पटलेलं.

"आई, सेतूत गेले होते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. तिथले म्हणाले, वडलांच्या जमिनीचा कागद आणा. मी सांगितलं, जमीन कोर्टात आहे. तर म्हणाले, मग कोर्टाच्या आदेशाची नक्कल आणा. ती लावली की फीची सवलतपण सोपी होईल."

"मग पप्पांना सांगू की. त्यांच्याकडंच आसंल."

विळा पुसून ती उठली. गुडघे वाजले. बऱ्याच दिवसांत त्या नादारीचा काहीतरी उपयोग होणार होता, आणि घरी जाताना तिला बरं वाटत होतं.

*

सुनीलची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी होती. रस्त्याकडेला हिरवी जाळी, आत ट्रेच्या रांगा. दोन वर्षांपूर्वी एका हंगामात रोपं रोगट निघाली. शेतकऱ्यांच्या रानात पानं आखडून झाडं बोकडली, आणि लोक दारात येऊन बसले. कुणी शिव्या दिल्या, कुणी ट्रे उचलून नेले. त्या गडबडीत एका संध्याकाळी सुनील घरी आला, भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "संपलं. कोर्टानं नादार ठरवलं मला. रान गेलं कोर्टात."

वृषाली रडली नाही. त्याचाच चेहरा असा झाला होता की रडायला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विळा-खुरपं घेतलं आणि कामाला लागली. पुढं मिळकत जपून ठेवायची, सुनीलच्या हातात द्यायची. तो म्हणायचा कोर्टाला भरतो. तो स्वतः थोरल्या भावाचा, हौशीरामचा, पिकअप चालवायचा. महिन्यातून एकदा तारखेला घोडेगावला जायचा. त्या दिवशी ती लवकर उठून त्याला भाकरी बांधून द्यायची. कोर्टात माणूस उपाशी उभा राहिला तर चक्कर येते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

गावात कुणी वाकडं बोललं तर ती भांडायची. "चोरी न्हाई केली त्यांनी. धंदा बसला. उगं तोंड वाकडी करू नका." गेल्या वर्षी सुनील म्हणाला की कोर्ट बायकोच्या नावावरचंही ओढतं, तेव्हा येडगावला भावाकडं जाऊन तिनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडून दिला. सुभाषच्या नावे सही करताना तिला समाधानच वाटलं होतं. निदान ते तरी वाचलं.

जेवताना अक्षदानं नकलेचा विषय काढला.

"असं लगोलग मिळत न्हाई," सुनील म्हणाला. "वकिलाकडं आसतंय समदं."

"मग वकिलांचा नंबर द्या, पप्पा. मी बोलते."

"तू कशाला बोलतीस? म्हणलं ना, तारखेला गेलो की बघतो."

ताटात अर्धी भाकरी होती. तो उठला आणि मोरीत हात धुऊ लागला. बराच वेळ धूत राहिला.

तारीख आली. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला, आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाला, साहेब रजेवर होते. निकाल लागला. अक्षदाला चांगले गुण पडले. अर्ज भरायचे दिवस आले तरी कागद आला नव्हता. मागितला की सुनील खेकसायचा, नाहीतर उठून बाहेर जाऊन बसायचा. वृषालीला त्याची कीव यायची. बाप्यामाणसाला पोरीच्या हातात असला कागद द्यायची लाज वाटत असेल, असं तिला वाटलं. आपणच आणावा. त्याच्यामागचा एक ताप कमी होईल.

माहेरी जाते म्हणून सांगून ती घोडेगावच्या एसटीत बसली.

*

कोर्टाच्या खिडकीतला कारकून तरुण होता. केस नंबर विचारला, तिला माहीत नव्हता. वकील कोण, तेही नाही.

"नाव तरी सांगा."

तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्याचं, आडनाव, गाव. त्यानं संगणकावर टाकलं. मग दुसऱ्या तऱ्हेनं लिहून टाकलं. मागच्या वर्षाचं पाहिलं, त्याच्या मागचंही.

"या नावानं इथं काहीच नाही, ताई. पण नादारीची कामं वरच्या कोर्टात असतात बहुतेक. राजगुरुनगरला बघा."

"पण ते तारखेला हितंच येत्यात."

"इथं कशाला येतील?" तो सहज म्हणाला आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

बाहेर चहाच्या टपरीवर एक म्हातारा स्टोव्हला हवा भरत होता. वृषालीनं मोबाईलमधला सुनीलचा फोटो त्याच्यापुढं धरला. "बाबा, ह्ये कोणच्या वकिलाकडं येत्यात, ठावं हाय का?"

म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "ह्ये व्हय? वळखतो की. त्या चिंचंखाली बसत्यात. भाकरी सोडून खात्यात, पेपर वाचत्यात, माझ्याकडं दोनदा च्या घेत्यात. उन्हं कलली की जात्यात."

"आन् कोर्टात?"

"आत जाताना न्हाई बघितलं कधी. मी म्हणलं, आसंल कुणाची वाट बघत."

चिंचेखाली दगडी पार होता. त्यावर दोन माणसं कागद मांडून बसली होती. वृषाली बघत राहिली. वकील बाहेर येऊन भेटत असेल, तिनं मनाशी म्हटलं. गर्दीत आत कशाला जायचं. असंच असेल.

परतायला वेळ होता, पण ती परतली नाही. तिथूनच राजगुरुनगरची गाडी धरली.

तिथं खिडकीत एक पोक्त बाई होती. तिनं वृषालीला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि जाड वही काढली. "हल्ली नादारीचे अर्ज फार येत नाहीत. मोजकेच असतात. चला, बघू."

तिचं बोट ओळींवरून खाली सरकू लागलं. वृषाली उभी राहून वाचत होती. जुन्नरचा कुणी कापडवाला. ओतूरचा ट्रॅक्टरवाला. मंचरचे दोघं भाऊ. अनोळखी नावं, पण तिला ती सोयऱ्यांसारखी वाटली. ह्यांच्याही बायका कुठंतरी कांदा कापत असतील. पुढच्या पानावर आपलं नाव येणार म्हणून तिनं पदर सारखा केला. पान उलटलं. वर्ष संपलं. त्याच्या मागचं संपलं, पुढचं संपलं.

"न्हाई दिसलं?"

"नाही."

"एकदा परत बघा ना. घाईत सुटलं आसंल."

बाईंनी परत पाहिलं. संगणकावरही पाहिलं. मग वही मिटली आणि हसून म्हणाल्या, "अहो, तुमचे मालक नादार नाहीत. ही तर चांगली बातमी आहे."

वृषालीनं हात जोडले. बाहेर व्हरांड्यात येऊन ती खांबाला धरून उभी राहिली. चांगली बातमी आहे, चांगली बातमी आहे, असं डोक्यात वाजत होतं.

काळा कोट घातलेली एक पोरगेली बाई जाता जाता थांबली. "मावशी, बरं वाटत नाही का?"

ती रुपाली नावाची वकीलबाई होती. वृषालीनं तुटक तुटक सांगितलं. वकीलबाई ऐकून घेऊन म्हणाली, "सातबारा काढला होता का मधी कधी?"

"रान कोर्टात हाय म्हणल्यावर सातबारा कशाला काढायचा?"

"जमीन ठेवायला कोर्टात कपाट नसतं, मावशी. ती कुणाच्या ना कुणाच्या नावावर असतेच. गट नंबर आहे पाठ?"

पाठ होता. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यानं, रखमाजींनी, तिला रान फिरवून दाखवताना सांगितला होता. वकीलबाईनं मोबाईलवर काहीतरी दाबलं, वाट पाहिली, आणि मोबाईल तिच्यापुढं केला.

सव्वादोन एकर. मालकाच्या जागी नाव होतं, आदेश हौशीराम.

आदेश म्हणजे पुतण्या. चाकणला कंपनीत कामाला असलेला, दिवाळीला येऊन "काकी, लाडू द्या" म्हणणारा. हिनंच लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेला.

"बक्षीसपत्र केलंय," वकीलबाई म्हणाली. "चुलत्यानं पुतण्याला." तारीख वाचून दाखवली. सुनील भिंतीला टेकून बसला होता, त्याच्या आदल्या दिवसाची.

वृषालीला ऊन लागल्यासारखं झालं. दोन वर्षांतला एकेक दिवस उठून उभा राहिला. कापलेला अर्धा रोज, पिशवीतला पेला, नवऱ्याला बांधून दिलेली भाकरी. कोर्ट नव्हतंच. कोर्टाच्या जागी घरातलीच माणसं बसली होती, आणि ती त्यांच्याच पुढं हात पसरून मजुरी घेत होती.

*

बक्षीसपत्राची नक्कल आठवड्यानं मिळाली. वकीलबाईच्या ऑफिसात अक्षदा शेजारी बसली होती. तिला वृषालीनं सगळं सांगितलं होतं; घरात दोघी गप्प राहिल्या होत्या, नेहमीसारखा स्वयंपाक करत होत्या. सुनीलला काही कळलं नव्हतं. सवयीनं जेवून तो उठत होता.

अक्षदा वाचत गेली. शेवटच्या पानावर थांबली.

"काय गं?"

"काही नाही."

"वाच."

"साक्षीदार," अक्षदा म्हणाली, आणि कागद आईपुढं सरकवला.

साक्षीदार म्हणून सुभाषची सही होती. राहणार येडगाव. वृषालीनं खाली वाकून पाहिलं. ती सही तिला कुठंही ओळखू आली असती. धाकट्या भावाला अक्षरं तिनंच गिरवायला लावली होती, धरणाच्या काठच्या ओल्या मातीत.

तिथवर ती सावरून होती. आता तिनं टेबलाच्या कडेवर कपाळ टेकलं. वकीलबाई उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती येडगावला गेली. सुभाष पाण्याच्या कडेला मोटरचा पाइप जोडत होता. चिखलात घोट्यापर्यंत पाय. तिला बघून हसला. "ताई! फोन तरी करायचा. न्यायला आलो आस्तो."

"सही तुझीच हाय ना?" तिनं कागद पुढं धरला.

त्यानं हात पँटला पुसले, पण कागद घेतला नाही. लांबूनच पाहिला.

"दाजी म्हणलं, तुला समदं म्हायतीय."

"आन् तू मला इचारलं न्हाईस."

"इचारणार व्हतो."

"दोन भाऊबीजा झाल्या, सुभाष. तुझ्याम्होरं पाट मांडला, तुला ववाळलं. तवाबी न्हाई इचारलंस?"

तो पाइपाकडं बघू लागला. आतून पाणी बुडबुडत बाहेर येत होतं.

"आन् माझ्याकडनं हक्कसोड घेतलीस, ती? कोर्ट ओढंल म्हणून सही केली मी. कोर्ट न्हाई ह्ये तुला ठावं व्हतं."

"ते दाजींनीच सुचवलं. मी मागितलं नव्हतं. म्हणलं, तू साक्षीला ये, तुझं बी काम मी करून देतो." बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "मी काय एकटाच हाय का? समदं गाव पोरींकडनं सह्या घेतं. तुला कवा काय कमी केलं म्या? साडी न्हाई चुकवली कधी."

वृषाली त्याच्या चिखलातल्या पायांकडं बघत होती. बापासारखे पाय, रुंद, बोटं फाकलेली.

"अदलाबदली केलीत म्हण की," ती म्हणाली. "त्यांनी हिकडलं तुला दिलं, तू तिकडलं त्यांना."

सुभाषची बायको घरातून ओरडली, "वन्सं, च्या टाकलाय!" वृषाली वळली आणि रस्त्याला लागली. मागून सुभाषनं एकदा हाक मारली, "ताई." दुसऱ्यांदा मारली नाही.

*

सुनील अंगणात पिकअपचं चाक खोलून बसला होता. वृषालीनं सातबारा आणि नक्कल त्याच्यापुढं, पान्यांशेजारी ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक नट ठेवला.

तो बघत राहिला. काळे हात गुडघ्यांवर.

"कुणी काढून दिलं?"

"राजगुरुनगरच्या कोर्टात गेले व्हते. तुमचं नाव हुडकायला. पोरीला कागद पाहिजे व्हता ना." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "नादारांच्या वहीत तुमचं नाव न्हाई. दोनदा बघायला लावलं मी त्या बाईला."

"वृषाली, आयक. लोक दारात बसल्याले. दादानं एका महिन्यात समद्यांची तोंडं मिटवली. म्हणला, रान आदेशच्या नावावर कर. आईनंबी तेच धरलं. म्हणली, तुला पोरगीच हाय..."

"म्हंजी लोकांचं भागलं व्हतं."

"व्हय."

"मग माझ्या मजुरीचं काय केलंत? कोर्टाला भरतो म्हणून न्यायचात ती."

त्यानं एक पाना उचलून परत खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "दादाला द्यायचो. तो म्हणायचा, आजून फिटलं न्हाई."

ती खाली बसली. "आन् कोर्टाचं का काढलंत? सरळ सांगायचं व्हतं. भांडले आस्ते, रडले आस्ते."

"म्हणूनच. तू भांडली आस्तीस. कोर्ट म्हणलं की कुणी काय बोलत न्हाई." तो चिंधीनं बोटं पुसू लागला. "मला सुटायला तेवढीच वाट दिसली. मग रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. तारखंला जाऊन बसायचो ना, तिथं बी तेच वाटायचं."

क्षणभर तिला तो चिंचेखाली बसलेला दिसला, तिनं बांधून दिलेली भाकरी खाताना. आतून काहीतरी त्याच्याकडं ओढलं गेलं. तिनं ते तिथंच दाबलं.

शेजारच्या घरातून साळुबाई काठी टेकत आली. सासूचा मुक्काम थोरल्याकडं, पण औषधपाणी वृषालीकडं. कागद बघूनच तिला समजलं. दोन वर्षं हीच म्हातारी पदर डोळ्याला लावून म्हणायची, "कोर्टानं खाल्लं गं माझ्या लेकराला."

"झालं ते झालं," साळुबाई म्हणाली. "रान घरातच ऱ्हायलं ना? पोरगी उद्या जाणार. जावयाच्या दारात न्हेऊन बांधायचं व्हतं का?"

"आत्या, माझी पोर मजूर बाईची म्हणून वाढली. तुमच्या डोळ्यांदेखत."

"मजुरीनं कोण मरत न्हाई."

अक्षदा दारात उभी होती. ती आत वळून म्हणाली, "आई, वकीलबाईंना फोन लावते."

*

जमीन रखमाजींच्याही बापापासून चालत आलेली. वडिलोपार्जित रानात लेकीचा हक्क जन्मानं असतो, बापाला ते सगळंच्या सगळं असं वाटून टाकता येत नाही, असं वकीलबाई म्हणाली. पण दावा चालायला वर्षं लागतील. निकाल काय लागेल ते आजच सांगणार नाही, असंही म्हणाली. अक्षदानं सही केली. प्रतिवादी म्हणून बापाचं नाव, चुलत्याचं, आदेशचं. साक्षीदाराचा विषय निघाला तेव्हा वकीलबाईनं वृषालीकडं पाहिलं. वृषालीनं भावाचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, सावकाश, लिहून घेता येईल असं.

उत्पन्नाचा दाखला मात्र सहज मिळाला. बापाच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, ते सातबाऱ्यानंच सिद्ध झालं. अक्षदाला अवसरीला प्रवेश मिळाला.

वृषालीनं हौशीरामच्या रानात जायचं सोडलं. लंकाबाईच्या टोळीबरोबर ती दुसऱ्यांच्या कामाला जाऊ लागली. आषाढात टोळी भातलावणीला डोंगरात परत गेली, तेव्हा जाताना लंकाबाई म्हणाली, "वर ये की लावणीला. आमच्याकडं मजुरी कमी, पण च्या घरात बसून पाजतो." वृषाली बऱ्याच दिवसांनी हसली.

घरात सुनील होता, पण असून नसल्यासारखा. दोघी त्याच्याशी कामापुरतं बोलायच्या. पुढं तेही थांबलं.

श्रावणातल्या एका दुपारी कोर्टाचा बेलीफ दाव्याचं समन्स घेऊन आला. आधी हौशीरामच्या घरी गेला, मग इकडं. सुनील घरी नव्हता. रानात पिकअप भरत होता. बेलीफ तिकडं गेला. थोड्या वेळानं हौशीरामचा आवाज बांधावरून इथवर ऐकू आला.

"घरातली बाय आवरत न्हाई तुला! माझ्या पोराचं नाव कोर्टात घातलं! चावी ठेव हितं. तुझं तू निस्तर."

सुनील पायी आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात घडी घातलेला कागद. उंबऱ्यापाशी थांबला.

"अक्षदा," तो म्हणाला, "बापावर?"

अक्षदा आत गणिताचं पुस्तक उघडून बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि परत पुस्तकाकडं वळली.

"वृषाली, दादानं गाडी काढून घेतली. आता मी काय करू?"

वृषाली तव्यावरची भाकरी उलटत होती. "कामाला जा. बरंच हाय काम गावात. रोजानं."

त्यानं घडीचा कागद खिशात कोंबला. मग वळून भावाच्या घराकडं गेला. शीलानं दार अर्धवट उघडलं, काहीतरी सांगितलं आणि लावून घेतलं. आतून साळुबाईची हाक आली नाही. सुनील दोन्ही घरांच्या मधल्या वाटेत उभा राहिला. ढगांतून ऊन बाहेर पडलं होतं आणि ओल्या मातीतून वाफ निघत होती.

"आई," अक्षदा म्हणाली, "पप्पा तिथंच उभे आहेत."

"बघितलं मी."

तिनं दोन ताटं घेतली. भाकरी, आमटी, वर कांद्याची फोड. इतकी वर्षं सगळ्यांचं झाल्याशिवाय ती कधी बसली नव्हती. आज ती अक्षदाबरोबर बसली. पहिला घास घेतल्यावर आमटीत मीठ कमी लागलं. तिनं उठून मीठ आणलं, दोघींच्या ताटात घातलं, आणि जेवण होईस्तोवर दाराकडं पाठ करून बसली.